पाचट पेटवायचं थांबवलं, त्याला आठ वर्षं झाली

माझं माहेर आटपाडीचं, माणदेशातलं. दोन घागरींसाठी टँकरमागं धावण्यात माझे शाळेचे कित्येक उन्हाळे गेले. लग्न होऊन वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आले आणि भर एप्रिलात पाटाला वाहणारं पाणी बघितलं, तेव्हा खरंच डोळे भरून आले. घराच्या चारही बाजूंनी ऊस. माती काळीभोर, कमरेइतकं खणलं तरी मुरूम लागत नाही. मला वाटलं, अशा जमिनीत राबायला मिळणं हे भाग्यच.

हे कोल्हापूरला नोकरीला, त्यामुळं २०१७ साली मामांचे गुडघे गेल्यावर अडीच एकराचं सगळं माझ्यावर आलं. (आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात.) बायकांच्या टोळीबरोबर मीही भांगलणीला बसायची. खुरपं मारलं की मातीत जायचं नाही, वरच्या वर सटकायचं. पाणी दिल्यावर दोन दिवस पाय ठेवता यायचा नाही इतका चिखल, आणि चौथ्या दिवशी त्याच जागी बोट जाईल एवढी भेग. मधे वाफसा (रानात काम करण्याजोगी मध्यम ओल) म्हणून काही राहतच नव्हता. ओल होती तेव्हा चिकट आणि वाळली की दगड. माहेरच्या हलक्या बरड रानातसुद्धा खुरपं यापेक्षा बरं चालायचं. हे मला पटेना.

मामांना विचारलं तर ते म्हणाले, "पैल्यांदा असं नव्हतं गं पोरी. आमच्या येळंला नांगर धरला की तास आपसूक उलटायचं." त्यांच्या तरुणपणी दावणीला बैलजोडी, दोन म्हशी, चार शेळ्या होत्या. घरामागं उकिरडा होता. दर उन्हाळ्यात वीस-पंचवीस गाड्या खत रानात विस्कटलं जायचं. आळीपाळीनं भुईमूग, हरभरा, शाळू असा बेवड असायचा. पुढं बैल विकले, ट्रॅक्टर आला, उकिरड्याच्या जागी न्हाणीघर झालं आणि रानात उसावर ऊस सुरू झाला. दरवर्षी रोटाव्हेटर, दरवर्षी रासायनिक खताची पोती वाढवायची आणि उतारा मात्र खाली. जमिनीतून टनावारी माल बाहेर काढायचा आणि परत द्यायची ती पांढरी-करडी दाणेदार पोती, हा व्यवहार तीसेक वर्षं चालला होता.

त्या मे महिन्यात मी मातीचा नमुना काढला. रानात नागमोडी चालत नऊ ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचे खड्डे घेतले, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घमेल्यात गोळा केली. गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले परत मिसळायचे, असं करत करत अर्धा किलो माती उरवली आणि कापडी पिशवीत घालून दिली. अहवालात सामू (pH) ८.३ आला. त्याची मला कल्पना होती, आमच्या पट्ट्यात तो तसाच असतो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत राहिलेला कर्ब, ०.४२ टक्के. पत्रिकेत त्यापुढं 'मध्यम' लिहिलं होतं, कारण आपल्याकडं ०.४१ पासून मध्यम धरतात. दोन शतांश कमी असता तर 'कमी' लिहिलं असतं. मध्यम वाचून मामा निश्चिंत झाले. मी झाले नाही.

माझा संशय एका साध्या गोष्टीनं पक्का केला. मुलीच्या शाळेत मातीचा काहीतरी प्रयोग सांगितला होता, म्हणून दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरून ओट्यावर ठेवले. एक ढेकूळ रानातलं, वाळलेलं, लिंबाएवढं. दुसरं त्याच रानाच्या बांधावरचं, जिथं वर्षानुवर्षं नांगर गेला नाही आणि हरळी माजलेली असते. दोन्ही अलगद पाण्यात सोडली. रानातलं ढेकूळ फुसफुसलं, बुडबुडे आले आणि मिनिटभरात त्याचा गाळ झाला. पाणी चहासारखं गढूळ. बांधावरचं ढेकूळ मात्र जसंच्या तसं. मुलगी क्लासला जाऊन आली तरी तळाशी बसून होतं, पाण्यातून पलीकडचा डबा दिसत होता. माती तीच, बाप-आजोबांपासूनची, मधे अंतर चार फुटांचं. फरक एवढाच की बांधावर मुळं मरतात, कुजतात, बुरशी आणि जिवाणू ते खातात आणि त्यांच्यापासून जो डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो तो मातीचे कण धरून ठेवतो. रानात त्यांना खायलाच नव्हतं. डिंक कुठला येणार?

मग मी हिशोबाला बसले. जमिनीला सेंद्रिय पदार्थ द्यायचा तर आणायचा कुठून? दावणीला एकच म्हैस. विकतचं शेणखत ट्रॉलीनं घ्यायचं तर एकराला चार-पाच ट्रॉल्या तरी हव्यात, आणि त्यात माती किती, शेण किती हे देणाऱ्यालाच ठाऊक. माझ्या माहेरी रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. धनगरांचा कळप चार रात्री बसला की लेंड्या आणि मुतानं रान ओलं होतं. पण इकडं बारमाही ऊस उभा, मेंढरं बसवायची कुठं? साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ) मिळते, ती आम्ही एकदा आणलीही. दरवर्षी हाताशी येईल असं मात्र यातलं काहीच नव्हतं.

आणि मग फेब्रुवारी आला, तोड झाली आणि उत्तर माझ्या पायाखालीच पसरलेलं दिसलं. एकरी तीन-चार टन वाळलेलं पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारी त्याची पानं. त्यात टनाला चार-पाच किलो नत्र, एक-दोन किलो स्फुरद, सात ते दहा किलो पालाश आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त निव्वळ कर्ब. वाहतूक नाही, विकत घेणं नाही. आणि ते आम्ही दरवर्षी संध्याकाळी वारा पडला की कडेनं काडी लावून अर्ध्या तासात राख करत होतो. नत्र आणि कर्ब धुरात जाई. पालाश राखेत राही, पण पहिल्या वाऱ्यात राखही शेजारच्या रानात.

मामांची पाचट पेटवण्याची कारणं खोटी नव्हती, हे मला इथं सांगितलं पाहिजे. पाचट पडलं की सरीतून पाणी पुढं सरकत नाही. बुडखे झाकून राहिले तर फुटवे पिवळे येतात. कुळव चालत नाही, खत टाकता येत नाही, उंदीर होतात, साप लपतो. गडी पाचट आवरायला येत नाही. आणि पेटवलं की सकाळी रान स्वच्छ, खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) एकसारखा फुटतो. ज्यानं आयुष्यभर हे डोळ्यांनी पाहिलं आहे त्याला "जाळू नका" एवढं सांगून भागत नाही. शेवटी तडजोड झाली. रस्त्याकडच्या एकरातले वीस गुंठे माझे, वीस गुंठे मामांचे. मधली सरी ही हद्द.

२०१८ चा तो खोडवा मी जसा राखला तो क्रम सांगते, कारण पाचट ठेवलं म्हणजे नुसतं पडू दिलं असं नव्हे. तोडकऱ्यांच्या मुकादमाला आधीच हात जोडून सांगितलं होतं की ऊस जमिनीलगत तोडा. तरी बुडखे बोटभर वर राहिलेच, ते मी आणि दोघी बायकांनी धारदार कोयत्यानं छाटले. बुडख्यावरचं पाचट हातानं बाजूला ओढून सरीत दाबलं, म्हणजे बोद (दोन सऱ्यांमधला उंचवटा, ज्यावर ऊस असतो) उघडा आणि सरी भरलेली. हे काम कंटाळवाणं आहे. पाचटाची पात हाताला करवतीसारखी कापते. पूर्ण बाहीचे शर्ट आणि हातमोजे घातले तरी मनगटं ओरबाडून निघाली. वीस गुंठ्याला तिघींना दोन दिवस लागले. मग पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर शेणखतात मिसळून वरून विस्कटलं आणि पाणी सोडलं. पहिलं पाणी खरंच रखडत गेलं, मामांचं म्हणणं खरं ठरलं. पण त्यानं पाचट बसलं आणि दुसरं पाणी बरं गेलं.

खोडव्याला खत पहारीनं दिलं. बुडख्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल भोक पाडायचं, मूठभर खत सोडायचं, टाचेनं बुजवायचं, फुटावर दुसरं भोक. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साडेचार महिन्यांनी. मातीआड गेलेलं खत उडत नाही आणि वाहूनही जात नाही.

महिनाभरानं माझी बाजू पिवळी पडली. मामांची बाजू हिरवीगार आणि हद्दीच्या सरीपासून माझ्याकडं फिकट, जणू कुणी रेघ मारली. येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवून बघायचा. मला रात्री झोप लागायची नाही. मामा काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण ते न बोलणंच जड वाटायचं. शेवटी कृषी विज्ञान केंद्रात फोटो घेऊन गेले. तिथल्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाचटावर युरिया किती टाकला?" मी टाकलाच नव्हता. माझी समजूत अशी की पाचट म्हणजे सेंद्रिय, त्याला वेगळा युरिया कशाला.

त्यांनी समजावलं ते मला आयुष्यभर पुरेल. पाचटात कर्ब खूप आणि नत्र अगदी थोडं, साधारण शंभराला एक. ते खाणाऱ्या जिवाणूंच्या अंगात मात्र दहाला एकच्या आसपास प्रमाण असतं. मी घरी येऊन हे सासूबाईंना असं सांगितलं: आपण जिवाणूंच्या पुढ्यात भाकरीची चवड ठेवली आणि कालवण वाढलंच नाही. मग ते शेजारच्या ताटातलं कालवण ओढून घेणारच, आणि शेजारचं ताट उसाचं. पाचट कुजून संपत आलं की जिवाणू मरतात आणि तेच नत्र परत जमिनीला मिळतं, पण तोवर ऊस उपाशी. म्हणून टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कल्चर, ही शिफारस आहे. माझ्या वीस गुंठ्यात दोन टन पाचट धरून सोळा किलो युरिया आणि वीस किलो सुपर आधीच पडायला हवं होतं. ते मी उशिरा टाकलं. तीन आठवड्यांत रंग फिरला, पण फुटव्यांचं जे नुकसान झालं ते झालं. पाचट राखणाऱ्या प्रत्येकाला मी आजही पहिली हीच गोष्ट सांगते.

मग मे महिना आला. आमचं पाणी नदीवरच्या लिफ्टचं, पाळीनं येणारं. नेमकी त्या वर्षी भर उन्हाळ्यात मोटर जळाली आणि पाळी लांबली. एकवीस दिवस पाणी नाही. रोज दुपारी मी रानात जायची. अकरा वाजले की मामांच्या बाजूची पानं सुरळी व्हायची, पोंगा (शेंड्याची कोवळी सुरळी) उभा टाचणीसारखा. माझ्या बाजूची पानं तेव्हा उघडी असायची. दोनच्या सुमाराला थोडी मिटायची, पाचला परत उघडायची. एका दुपारी मी मामांना हाताला धरून नेलं. त्यांच्या सरीतली माती तापलेल्या तव्यासारखी, अनवाणी उभं राहवेना. माझ्या सरीतलं पाचट मी दोन्ही हातांनी उचकटलं. खाली गारवा. वरच्या पाती वाळलेल्या सोनेरी, त्याखाली करड्या, त्याखाली काळपट ओल्या आणि त्यांना धरून पांढऱ्या बुरशीची जाळी, सुती दोरा विस्कटावा तशी. मातीला लागून उसाची पांढरी मुळी वर, अगदी पाचटात शिरलेली. मामा वाकून बसले. गुडघ्यामुळं त्यांना बसता येत नाही, तरी बसले. मूठभर काळं पाचट उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाले, "पैल्या पावसाचा वास येतुय की गं." पावसानंतरचा तो वास मातीतल्या ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंचा असतो, हे मी बारावीला वाचलं होतं. मामांनी तो पुस्तकाशिवाय ओळखला.

भांगलण त्या बाजूला एकदाच करावी लागली, तीही बोदावरची. सरीत तण उगवलंच नाही. जी बाई दिवसभर उन्हात उकिडवी बसून भांगलते तिलाच कळेल ही सुटका किती मोठी आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही बाजूंचा ऊस वेगळ्या वाहनांत भरून वजन केला. मामांचा १४ टन, माझा १६. पिवळेपणाचा फटका बसूनही दोन टन जास्त. मामांनी दोन्ही पावत्या चष्मा लावून वाचल्या, घडी घालून देवघरात ठेवल्या आणि म्हणाले, "अजून एक साल बघू." निडवा (खोडव्यानंतरचं, त्याच बुडख्यांचं तिसरं पीक) राखला, माझ्या बाजूचं पाचट या खेपेला युरियासकट.

पण ते साल आम्हाला बघायला मिळालं नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्या रानात सहा दिवस उभा होता. पाणी ओसरल्यावर उसाच्या पोंग्यात गाळ, शेंडे कुजलेले, सगळ्या शिवारात सडका वास. गुरांनाही वैरण राहिली नाही. मिळेल त्याला देऊन उरलेला सगळा ऊस आम्ही मल्चरनं जागेवर कुट्टी करून रानात मिसळला. एक वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जमिनीत घातली, त्याला खत म्हणायला मन धजत नव्हतं. डिसेंबरपर्यंत रानाला वाफसा नव्हता.

त्यानंतर मामांनी हद्दीची सरी मोडली. पूर्ण एकर माझ्या म्हणण्याप्रमाणं करायचा ठरला. २०२० च्या 'सुरू' हंगामाच्या (हिवाळा सरतानाच्या) लागणीत मी दोन सरींच्या मधे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला, एकरी दहा किलो बी. तागासाठी एक हंगाम रिकामा ठेवायचा म्हटलं की घरात वाद होतो, सोयाबीनचे पैसे बुडतात; मामाही म्हणाले होते, "हातचं पीक मोडून काय मिळवतीस?" सरीतला ताग मात्र कुणाचं काही घेत नाही. पंचेचाळीस दिवसांत कमरेला लागला, फुलकळी दिसली तशी उपटून सरीत दाबला आणि बाळभरणी केली, म्हणजे कोवळ्या उसाला मातीची पहिली भर दिली. कोवळा असतानाच दाबायचा. फूल सरलं की खोड दोरासारखं चिवट होतं, कुजायला महिने घेतं. ताग हा द्विदल, मुळावरच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारा. म्हणजे त्याच्यासोबत त्याचं कालवण येतंच.

शेणखताचीही एक ठेच लागली. घाईत अर्धवट कुजलेलं खत विकत घेऊन टाकलं आणि पावसाळ्यात ऊस हातानं ओढला तर बुडासकट वर येऊ लागला. खाली हुमणीच्या अळ्या, बोटाएवढ्या. आता विकतचं खत आलं की तीन महिने सावलीत ढीग करते, पाणी मारते, दोनदा उलथते, आणि उष्णता जाऊन हाताला गार लागल्याशिवाय रानात जाऊ देत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून हात थरथरतो. मार्च २०२१. तोड होऊन महिना झाला होता, पूर्ण एकराचं पाचट सरीत दाबून, खत-पाणी देऊन झालं होतं, खोडव्याचे वीतभर हिरवे कोंब बोदावर ओळीनं उभे होते. दुपारी चारला शेजारच्या रानात पाचट पेटवलं. वारा होता. मी घरी भाकऱ्या थापत होते, धूर बघून पळाले. बांधापलीकडून एक ठिणगी आली आणि पहिल्या सरीत कडाड असा आवाज सुरू झाला. सरीतून आग पाटाच्या पाण्यासारखी पळते, माणसाच्या पायात तेवढा वेग नाही. आम्ही चौघं कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो. वीस मिनिटांत सगळं संपलं. कोंब काळे पडून कुरळे झाले होते. वरून राख पडत होती, माझ्या केसांत, भाकरीच्या पिठाच्या हातांवर.

ज्यांच्याकडून हे झालं ते रात्री घरी आले, नुकसान भरून देतो म्हणाले. वाईट माणूस नाही, त्यांनाही वाटलं नव्हतं. पैशाचं मी काही बोलले नाही. त्यांना एवढंच म्हणाले की पुढच्या वर्षी तुम्हीही पेटवू नका. त्यांनी मान हलवली, पण त्यांनी अजून थांबवलेलं नाही. खोडवा परत फुटला, एकरी ३० टनांवर थांबला. तेव्हापासून मी बांधाकडेच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून घेते, सरी उघडी ठेवते आणि शिवारात तोड सुरू असेपर्यंत त्या ओल्या राखते.

२०२२ ला तो खोडवा मोडला, पाचट कुट्टी करून मातीत गेलं. त्या पावसाळ्यात मात्र मी हट्टानं पूर्ण रान ताग पेरला, सोयाबीन सोडून. ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागण केली. ती लागण एकरी ५४ टन गेली आणि फेब्रुवारी २०२५ ला तुटलेला खोडवा ४४. याच एकरात मी आले तेव्हा लागण ४१ आणि खोडवा २८ होता. सगळा फरक पाचटाचा, असं मी म्हणणार नाही. दरम्यान बेणं बदललं, सरी पाच फुटांची केली, भरणी वेळेवर होऊ लागली. पण एकरी युरियाची दोन पोती कमी लागतात आणि पाळी चार-पाच दिवस लांबली तरी ऊस मान टाकत नाही, हे जमिनीचंच.

सेंद्रिय कर्बाचे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. माझ्या वीस गुंठ्यांतला नमुना: २०१७ ला ०.४२, २०२० ला ०.४७, मे २०२५ ला ०.५८. आठ वर्षांत सोळा शतांश. ऐकणाऱ्याला हसू येतं, म्हणून त्याचा अर्थ सांगते. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटाची माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिच्यात सोळा शतांश टक्के म्हणजे जवळजवळ दीड टन कर्ब. त्यासाठी एकरी हिशोबानं पाच वर्षांच्या पाचटातूनच आठ टनांच्या आसपास कर्ब दिला, शिवाय ताग, शेणखत, मुळं. बाकीचा जिवाणूंच्या श्वासातून हवेत गेला. आपल्याकडचं ऊन आणि ओल अशी की कुजणं बारा महिने चालू. रोटाव्हेटर फिरवला की मातीत हवा शिरते आणि ते आणखी वेगानं होतं, म्हणून मशागत मी निम्म्यावर आणली. पण गेलेला कर्ब वाया गेला असंही नाही. जिवाणूंनी तो खाल्ला तेव्हाच तर अन्नद्रव्यं सुटली आणि डिंक तयार झाला. हे दरवर्षी वाढायचं जेवण आहे. एका वर्षी भरपूर घालून पाच वर्षं विसरता येत नाही.

एक इशाराही देते. आमच्या शिवारात खाली नदीकडं क्षारपड झालेली रानं आहेत, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. तिथले काहीजण मला विचारतात, पाचट घातलं की सुधारेल का? नुसत्या पाचटानं नाही सुधारणार. तिथं आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन असेल तर माती तपासून जिप्समचं बघावं लागतं. नाहीतर पैसा आणि वर्ष दोन्ही जातात.

मागच्या उन्हाळ्यात मुलीनं परत दोन ग्लास मांडले. ती आता दहावीला आहे. बांधाचं ढेकूळ आणि रानाचं ढेकूळ. रानाचं ढेकूळ कडेनं थोडं झडलं, पाणी किंचित गढूळ झालं, पण मधला गड्डा टिकला. मामांचा चहा पिऊन झाला, सुपारी कातरून झाली, तरी टिकला होता. बांधाइतकं अजून नाही. मामांनी ग्लास हातात धरून खिडकीच्या उजेडात फिरवून बघितला आणि मुलीला म्हणाले, "आत्ता कुठं जेवाय लागलीया बग ती."

यंदाची तोड मागच्या आठवड्यात झाली. मुकादमानं सवयीनं विचारलं, मागनं पेटवणार का, तर ओट्यावरून मामांनीच "न्हाय" म्हणून हाळी दिली. युरिया, सुपर आणि कल्चरची पिशवी घरात आणून ठेवली आहे. उत्तरेकडच्या रानात तोड अजून चालू आहे आणि दुपारी वारा सुटतो. आज रात्री दहाला आमची पाण्याची पाळी आहे. बांधाकडेच्या त्या दोन सऱ्या आधी भिजवून घ्यायच्या आहेत.